विकलेला आवाज

माझ्या बाबांना, म्हणजे प्रतापराव कदमांना, हळू बोलता येत नव्हतं. ही माझी तक्रार नाही, मोहल्ल्याची आहे, मी फक्त पुढे सरकवतेय. सकाळी न्हाणीतून ते टॉवेल मागायचे तेव्हा आईच्या आधी शेजारच्या काकू उठायच्या. मला शाळेत सोडायला यायचे आणि फाटकातून म्हणायचे, "पूर्णिमा, डबा संपव." झालं, मग अख्खा वर्ग दिवसभर मला डब्याची आठवण करून द्यायचा.

दोष त्यांचा नव्हता. तेवीस वर्षं ते मिलच्या साचेखात्यात होते. साचे म्हणजे माग, एका छपराखाली चारशे. त्या खडखडाटात माणूस माणसाशी बोलत नाही, ओठ मोठे करून आणि हात हलवून काम भागवतो. बाबांचं बोलणं मात्र चारशे साच्यांवरून पलीकडच्या रांगेत पोचायचं. म्हणून युनियनने त्यांना काम दिलं, घोषणा द्यायचं. गेटवर सभा असली की बाबा अर्धी घोषणा म्हणायचे, "मजदूर एकता", आणि दीड हजार माणसं उरलेली म्हणायची, "जिंदाबाद". अध्यक्षजी भाषण द्यायचे. भाषणाबद्दल अध्यक्षजींना जीप मिळाली आणि घोषणांबद्दल बाबांना खडीसाखर. बाबांना त्यात काही चूक दिसत नसे, कारण घसा त्यांचाच दुखायचा.

त्यांच्या शेजारच्या साच्यांवर पंढरीकाका होते, पंढरीनाथ मोरे. काकांची सासुरवाडी हातोदची. तिकडून हरभरा आला की पहिलं गाठोडं आमच्या ओट्यावर उतरायचं, मग त्यांच्या घरी जायचं. दोघं एकत्र कामावर जायचे, एकत्र यायचे, आणि वाटेत भांडायचे. बाबांची बाजू आम्हाला घरी बसून ऐकू यायची.

एक्क्याण्णव साली सरकार उदार झालं. कुणावर, ते आमच्या मोहल्ल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. इंदूरच्या राजवाड्याच्या बाजारात परदेशी मालाच्या पाट्या लागल्या, गल्लोगल्ली पीसीओ निघाले, केबलची तार आमच्या पत्र्यावरून गेली, आणि मिलच्या गेटवर कागद लागला की मिल आजारी आहे. कागदात तसंच लिहिलं होतं, बीमार इकाई. मिल आजारी म्हटल्यावर तिच्यासाठी दिल्लीत मंडळ बसलं. तज्ज्ञ आले, विश्रामगृहात उतरले, दालबाफले जेवले, नाडी बघून गेले. त्याच सुमाराला बाबाही आजारी पडत होते. पण त्यांच्यावर कुणी कागद लावला नाही, त्यामुळे ते कुणाला कळलं नाही, त्यांना स्वतःलाही नाही.

मिल बंद व्हायच्या आधीची शेवटची मोठी सभा मला आठवते. मी समोरच्या चहाच्या टपरीशी उभी होते. अध्यक्षजी बोलून खाली बसले, बाबा पुढे झाले आणि त्यांनी हात वर केला. त्यांचे ओठ हलले. काहीच झालं नाही. पुन्हा हात वर, पुन्हा ओठ हलले. पहिल्या रांगेतले चारदोन जण घुटमळत "जिंदाबाद" म्हणाले आणि मागचे एकमेकांकडे बघायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "भिया, जोर से बोलो, शोकसभा थोडी है." थोडे हसले. बाबांनी तिसऱ्यांदा हात वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता ना लाज. मग त्यांनी हात खाली घेतला आणि ते गर्दीतून वाट काढत निघून गेले.

घरी आल्यावर ते जे बोलले ते ऐकायला आईला पुढे सरकून बसावं लागलं. "घसा फोडून ओरडलो मी. एकाने उत्तर दिलं नाही, यमुना. एकाने. सगळे बिकले. मॅनेजरने सगळ्यांना खिशात घातलंय."

तिकडे गेटवर दीड हजार माणसं नेमकं हेच बाबांबद्दल म्हणत होती. मॅनेजरने प्रतापरावाला खिशात घातलं. नाहीतर असा वाघासारखा माणूस ऐन वेळेला पुटपुटतो का? दोन दिवसांत ही गोष्ट आमच्या अख्ख्या परदेशीपुऱ्यात फिरली. कुणी सुरू केली ते कळलं नाही. पण आमच्या दारात येऊन तोंडावर बोलले ते पंढरीकाका. म्हणाले, "प्रताप, तू असं करशील असं वाटलं नव्हतं." बाबा म्हणाले, "मलाही तुझ्याबद्दल हेच म्हणायचंय." काकांनी ते ऐकलं की नाही, देव जाणे. ते गेले आणि त्या वर्षी हरभरा आला नाही.

आता मोहल्ल्याला पुरावे हवे होते, आणि बाबांचं शरीर ते रोज पुरवत होतं. त्यांचा चेहरा हलेनासा झाला होता. कुणी राम राम केला तरी ओठाचा कोपरा सरकत नसे. लोक म्हणाले, अकड बघा. चालताना त्यांचा उजवा हात अंगाला चिकटून राहायचा. लोक म्हणाले, खिसा सांभाळतोय. उजवा अंगठा बोटावर आपोआप फिरत राहायचा. लोक म्हणाले, जप करतोय, पाप केलंय ना. पानवाल्याचं म्हणणं पडलं की दारू. आमच्या मोहल्ल्यात एवढे वैद्य आहेत हे मला तेव्हा कळलं. मिलच्या रोगासाठी दिल्लीला मंडळ लागलं, बाबांचं निदान पानाच्या ठेल्यावर झालं.

आणि लाज वाटते सांगायला, पण मलाही थोडं वाटलं की बाबा बिकले असतील. एका दुपारी मी त्यांची पेटी उघडून बघितली होती, काही कागद मिळतोय का म्हणून. धोतरं आणि कामगार दिनाचे बिल्ले निघाले. मी पेटी लावून ठेवली आणि पोहे करायला गेले.

घरात वेगळीच गंमत चालली होती. बाबांच्या मते आई बहिरी झाली होती. ते म्हणायचे, "यमुना, पाणी." आई भाजी चिरत राहायची. ते पुन्हा म्हणायचे, मग तिसऱ्यांदा, आणि मग चिडून उठायचे. ते चिडलेत हेही तिला त्यांच्या चालण्यावरून कळायचं. आई लग्नानंतर दोन वर्षं मिलच्या वाइंडिंगमध्ये, सूत गुंडाळायच्या खात्यात होती, त्यामुळे बाबांचा निष्कर्ष तयार होता. मिलवाल्यांचे कान जातातच. हिचे उशिरा गेले. पुढे माझेही गेले, मग शेजारच्या काकूंचे, मग दूधवाल्याचे. पीसीओवरून त्यांनी देवासच्या आत्याला फोन लावला. आत्या "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय" करत राहिली आणि तिने फोन ठेवला. बाबा बाहेर येऊन मला म्हणाले, "हिचेसुद्धा." देवासच्या आत्याने आयुष्यात मिल बघितली नव्हती, तरी त्यांना शंका आली नाही. उलट दया आली. ते सगळ्यांशी समजून घेऊन वागायला लागले, जसे आपण बहिऱ्यांशी वागतो.

आईची मजा वेगळीच होती. सव्वीस वर्षांत तिला एक वाक्य पूर्ण करता आलं नव्हतं. आता ती सलग बोलायची, मध्ये कुणी नाही. माहेरच्या ज्या गोष्टी तिने लग्नापासून राखून ठेवल्या होत्या त्या सगळ्या त्या वर्षी बाहेर आल्या. मावशी आली की म्हणायची, "यमे, मिल बंद झाली तर तुझा नवरा संत झाला बघ." आई हसायची. पण बाबा आत गेले की ती दाराकडे बघत बसायची.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात लालबागेत मेळा भरला. झुले होते, चाट होती, आणि एका परदेशी कंपनीने कान तपासायचा मोफत तंबू ठोकला होता. तपासणी मोफत, यंत्र विकत. बाबांनी आम्हाला दोघींना रांगेत उभं केलं. "दोघींचे बघा," ते त्या टायवाल्या पोऱ्याला म्हणाले. तो म्हणाला, "क्या?" बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की बघ, यंत्र विकणाराही गेला.

आईचे कान उत्तम निघाले. माझे त्याहून उत्तम. टायवाला उदास झाला, कारण दुपारपासून त्याचं एकही यंत्र खपलं नव्हतं. म्हणाला, आता अंकलजींचे बघू. तिथे एक तरुण डॉक्टर बसवला होता, कंपनीने दिवसभरासाठी आणलेला. बाबांच्या कानांत साचेखात्याने केलेली थोडी झीज सापडली, बारीक सूर कमी ऐकू यायचे, पण बोलणं ऐकायला काही अडचण नव्हती. बाबा म्हणाले, "मशीन बिघडलंय." डॉक्टर मात्र मशीनकडे बघतच नव्हता, बाबांच्या अंगठ्याकडे बघत होता. त्याने त्यांना तंबूत दोनदा चालायला लावलं, कागदावर नाव लिहायला सांगितलं. नाव डावीकडे मोठं सुरू झालं आणि उजवीकडे मुंगीएवढं होऊन संपलं. डॉक्टर हळूच म्हणाला, "उद्या माझ्या दवाखान्यात या. मुलीला घेऊन या."

दवाखान्यात त्याने बराच वेळ तपासलं आणि आजाराचं नाव सांगितलं. पार्किन्सन. मेंदूच्या आत एक रसायन कमी पडतं, त्याने हात कापतो, चाल आखडते, चेहरा थिजतो. गोळ्या आहेत, मुळापासून बरं करणारं औषध नाही. बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, "पण हिच्या कानांचं काय?"

डॉक्टरने टेबलाच्या खणातून छोटा टेपरेकॉर्डर काढला. म्हणाला, "प्रतापरावजी, गेटवर द्यायचात तशी घोषणा द्या. पूर्ण ताकदीने." बाबा उभे राहिले, हात वर केला, मान ताठ केली आणि घोषणा दिली. मग खाली बसून घाम पुसला. "बाहेरच्या पेशंटना त्रास झाला असेल," ते म्हणाले. डॉक्टरने कॅसेट मागे नेली आणि लावली.

कुणीतरी चादरीच्या आतून बोलतंय असा आवाज आला. "मजदूर एकता."

"हा कोण पुटपुटतोय?" बाबांनी विचारलं.

डॉक्टरने कॅसेट पुन्हा मागे नेली. त्याने परत लावलं. बाबा यंत्रावर वाकले. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच बटण दाबलं. मग डॉक्टरने समजावलं, अगदी सोप्या शब्दांत, मी त्याला अजून मानते. बाबांचे कान नीट आहेत, दुसऱ्याचा आवाज ते नीट ऐकतात. पण आपण स्वतः किती जोरात बोलतोय याचा अंदाज मेंदू ठेवत असतो, तो यांच्या बाबतीत चुकायला लागलाय. ते पुटपुटतात आणि मेंदू सांगतो, बस, एवढं पुष्कळ झालं. टेपमधला आवाज बाहेरून येतो, परक्या माणसासारखा, म्हणून तिथे अंदाज बरोबर लागतो. सगळ्यांना सारखं होत नाही, पण पुष्कळांना होतं.

मला वाटलं आता बाबा आजाराबद्दल विचारतील, किती वर्षं, पुढे काय. ते म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी त्यांना ऐकूच आलं नव्हतं."

"कुणाला?" डॉक्टरने विचारलं.

"दीड हजार माणसांना," बाबा म्हणाले. "दोन वर्षं मी त्यांना शिव्या देतोय."

मला रडू आलं, तिथेच, त्या स्टुलावर. मला त्यांची पेटी आठवत होती.

उपाय म्हणून डॉक्टरने सांगितलं, रोज सराव करा, पोटातून श्वास घ्या, आणि साचेखात्यात उभे आहात असं समजून बोला. तुम्हाला वाटेल आपण किंचाळतोय. वाटू द्या. तेव्हा कुठे दुसऱ्याला साधं बोलणं ऐकू जाईल. आता हे सांगायला सोपं. बाबांनी पहिल्या दिवशी घरात तसं "यमुना, पाणी" म्हटलं, चांगलं स्पष्ट, आणि स्वतःच ओशाळले. शेजारी जाऊन काकूंची माफी मागून आले की आरडाओरडा झाला. काकूंना माफी ऐकू आली नाही. त्यांना वाटलं साखर मागायला आलेत, त्यांनी वाटी भरून दिली. असे तीन महिने गेले. गोळ्यांनी हात थोडा सुटला. आवाज मात्र रोज सकाळी नव्याने ओढून वर आणावा लागायचा, आणि दर वेळी त्यांना वाटायचं आपण सभ्यपणा सोडतोय. तेवीस वर्षं ओरडलेल्या माणसाला म्हातारपणी ओरडायची लाज वाटावी, हे आमच्या इंदूरमध्येच होऊ शकतं.

मिल तोवर पूर्ण बंद झाली होती. दिल्लीच्या तज्ज्ञांनी शेवटी तिच्या मृत्यूचा दाखला दिला. तरी दर रविवारी सकाळी बंद गेटसमोर कामगार जमायचे, शंभर-दीडशे, गेट उघडेल म्हणून. अध्यक्षजी अजून यायचे, जीप बदलली होती. बाबा दोन वर्षं तिकडे फिरकले नव्हते. एका शनिवारी म्हणाले, "उद्या जायचंय. बोलायचंय." आई म्हणाली, "नका जाऊ. हसतील." बाबा म्हणाले, "हसू दे. पण बिकला नाही म्हणू दे." त्यांना नोकरी परत नको होती, काहीच नको होतं. एवढं एक वाक्य गेटवर कुणीतरी म्हणावं, बस.

मी बरोबर गेले. माणसं सरकली, आम्हाला वाट दिली, पण राम राम कुणी केला नाही. पंढरीकाका मागच्या रांगेत सायकलला टेकून उभे होते. त्यांचा मुलगा विजय वर्षापूर्वी पीथमपूरच्या नव्या कारखान्यात लागला होता, गेटवर शिपाई म्हणून, त्यामुळे त्यांची सायकल नवी होती. अध्यक्षजींनी माइक पुढे केला. आता सभेला माइक यायचा, लोक कमी झाले होते तरी. बाबांनी मानेनेच नको म्हटलं. मी मनात म्हटलं, घ्या हो, कशाला हट्ट. पण माइकने कुणाचाही आवाज मोठा होतो, त्यांना तो नको होता.

ते उभे राहिले, पोटातून श्वास घेतला आणि बोलले. साधा, नीट आवाज. मागच्या रांगेला कान द्यावे लागले, पण पोचला. ते म्हणाले, "मला मेंदूचा आजार आहे. माझा आवाज मलाच मोठा ऐकू येतो, तुम्हाला येत नाही. त्या दिवशी मी ओरडलो होतो. तुम्हाला ऐकू आलं नाही, तुमची चूक नाही. मी समजलो तुम्ही बिकलात. दोन वर्षं घरात बसून तुम्हाला शिव्या दिल्या. माफ करा."

 मग कुणीतरी म्हणालं, "वा भिया, बीमारी भी क्या छाँट के लाए." हशा पिकला. दुसरा म्हणाला, "डॉक्टर भी मैनेजमेंट ने दिया होगा." कागद लावला की मिल आजारी आहे हे या माणसांना पटलं होतं, समोर उभा असलेला माणूस आजारी आहे हे पटेना. माझं डोकं फिरलं. मी पुढे होणार तोच बाबांनी माझा हात धरला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, नेहमीसारखंच, आणि लोकांना त्यातही अकड दिसत होती.

"थांबा," मागून आवाज आला. पंढरीकाका सायकल टाकून पुढे येत होते. सायकल खरोखरच पडली, ती त्यांनी उचलली नाही. ते बाबांच्या समोर येऊन उभे राहिले, बाबांकडे न बघता लोकांकडे बघत बोलले. "ती गोष्ट मी उडवली होती. हा बिकला म्हणून. सभेच्या आदल्या दिवशी मॅनेजरच्या कागदावर सही मी केली होती, राजीनाम्याची. विजयला नोकरीला लावतो म्हणाले होते. मला वाटलं आता कुणीतरी हुडकणार, कोण फुटलं ते. आणि याचा आवाज निघाला नाही." त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. "याचं काहीतरी बिघडलंय हे मला तेव्हाच कळलं होतं. बावीस वर्षं बाजूला उभा होतो, मला कळणार नाही? तरी बोललो."

अध्यक्षजी घड्याळ बघायला लागले. ज्याने बीमारी छाँटल्याचा टोमणा मारला होता तो चपलेकडे बघत होता. सगळे बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते, आता काय होतं म्हणून. राग येतो की हा माणूस मिठी मारतो. चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं. काका अखेर वळले आणि त्यांनीही त्या चेहऱ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि त्यांना काही सापडलं नाही. मलासुद्धा नाही. बाबांना आता ते बोलूनच सांगावं लागणार होतं.

बाबांनी श्वास घेतला. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. आयुष्यभर त्यांनी त्या गेटवर दुसऱ्यांनी लिहिलेली अर्धी वाक्यं म्हटली होती.

"पंढरी," ते म्हणाले, "मला फार वाईट वाटलं."

काका होते तिथेच खाली बसले, धुळीत, आणि त्यांनी तोंड पंच्यात लपवलं.  बाबा माझ्याकडे वळले, कानाशी वाकले, आणि त्यांनी अगदी घाबरत विचारलं, "फार ओरडलो का गं? सगळ्यांना ऐकू गेलं?"

"गेलं, बाबा," मी म्हटलं. "शेवटच्या रांगेपर्यंत."